तिरप्या पट्ट्या

चित्रापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन थोरली उभी राहिली, तेव्हा दालनाच्या पहारेकऱ्याने दुसऱ्यांदा घसा खाकरला. पहिले खाकरणे तिला ऐकू आले नव्हते असे नाही. पण खाकरणे म्हणजे मनाई नव्हे, असे तिचे मत होते.

"बाई, जरा मागे," शेवटी तो म्हणाला.

"हात लावत नाहीये मी."

"सगळे असंच म्हणतात. आणि मग लावतात."

या विधानात तथ्य होते, म्हणून ती अर्धे पाऊल मागे सरकली.

समोर तिच्या धाकट्या बहिणीचे चौथे चित्र होते. चित्र म्हणायचे ते केवळ सोयीसाठी. लाकडी फळीवर शिवणकामाच्या जुन्या नमुन्यांचे पिवळे पडलेले कागद, त्यांवर जाळीच्या पडद्याचा फाटका तुकडा, त्यावर यंत्राने घातलेली हिरव्या दोऱ्याची धावती टीप, मग मेणाचा पातळ थर, आणि या सगळ्याच्या मधोमध दाबून वाळवलेली निळी घंटाफुले. सात देठ, एकवीस फुले. शेजारच्या पाटीवर लिहिले होते: ‘ही फुले आईने आणि मी मिळून चिकटवली. मी तेव्हा आठ वर्षांची होते. स्वयंपाकघरातले टेबल हीच आमची कार्यशाळा.’

थोरलीने मजकूर तीनदा वाचला. त्यातले एकही विधान तिला सिद्ध वाटले नाही, आणि विचारायला आता आई नव्हती. आईला फुलांचे काडीचेही वेड नव्हते; घरात साधी फुलदाणी नव्हती. आणि ते टेबल तर तिला चांगले आठवत होते. त्यावर तेलकापड असे आणि सुट्टीत त्यावर ती अभ्यासाला बसे. अकराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत ती वसतिगृहात राहून शिकली, हे खरे. पण दर सुट्टीत ती घरी येई, आणि एकाही सुट्टीत तिने त्या टेबलावर एक पाकळीसुद्धा पाहिली नव्हती.

मजकूर नुसता खोटा असता, तर तिने सोडून दिले असते. कलावंतांना बालपण लागते, आणि ते अपुरे पडले की ते टाके घालून वाढवतात, हे तिने केव्हाच गृहीत धरले होते. तिच्या मनात पाल चुकचुकली ती पट्ट्या पाहून.

प्रत्येक देठ कापडी कागदाच्या अरुंद पट्टीने खालच्या कागदाशी जखडला होता. ही पट्टी सगळीकडे देठाला काटकोनात लावतात. इथे ती तिरपी होती, आणि तिची दोन्ही टोके निमुळती कापलेली होती. अशी पट्टी थोरलीने फक्त एकाच ठिकाणी पाहिली होती, आणि त्या ठिकाणच्या किल्ल्या या क्षणी तिच्याच पर्समध्ये होत्या.

थोरली वनस्पतिशास्त्राच्या एका संस्थेत हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या कपाटबंद संग्रहाची, संग्रहपाल होती. बावीस वर्षे. तिरपी पट्टी ती तिथल्या जुन्या शीट्स, म्हणजे फुले-पाने चिकटवलेले जाड कागद, पाहून शिकली होती आणि पुढे तिने शिकाऊंसाठी त्यावर चार पानांची पुस्तिकाही लिहिली होती. ‘तिरप्या पट्टीमुळे देठावरील ताण अधिक लांबीवर विभागला जातो’ हे वाक्य तिसऱ्या पानावर होते. खाली बाणांची आकृती. त्या कपाटांपर्यंत बाहेरचा माणूस पोचत नसे.

आणि नऊ दिवसांपूर्वी, सात वर्षांतून एकदा होणाऱ्या मोजणीत, त्या कपाटांतून सहा शीट्स कमी भरल्या होत्या. सहाही निळ्या घंटाफुलांच्या. अडतीस वर्षांपूर्वी ज्या खिंडीतून ती आणली, तिथे आता दगडाची खाण होती. म्हणजे तशी फुले पुन्हा मिळणे नव्हते. संचालकांनी सोमवारपर्यंत लेखी निवेदन मागितले होते: त्या खोलीत कोण कोण गेले? येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदवहीत मागच्या मोजणीनंतर बाहेरचे एकच नाव होते. वसंतात एका दुपारी धाकटी तिला भेटायला आली होती आणि थोरली बैठकीत अडकल्यामुळे चाळीस मिनिटे त्या खोलीत एकटी बसली होती. किल्ल्या टेबलाच्या खणात होत्या. खणाला कुलूप नव्हते.

"काय गं, आवडलं की नाही?"

धाकटी मागून आली होती. तिच्या बोटांना नेहमीप्रमाणे कसला तरी रंग लागला होता आणि केसांत पेन्सिल खोचलेली होती.

"बघतेय."

"बघतेयस? पाव तास एकाच चित्रासमोर उभी आहेस. तो पहारेकरी मला विचारत होता, त्या बाई विम्याच्या ऑफिसातल्या का म्हणून."

"या पट्ट्या कुणी लावल्या?"

"काही आईनं, काही मी."

"कधी?"

"ताई, तू माझं प्रदर्शन बघायला आलीस की पंचनामा करायला?"

"सहज विचारलं."

"तू आयुष्यात सहज काही विचारलेलं नाहीस," धाकटी हसून म्हणाली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून पलीकडे गेली.

थोरलीने ते हसणे तपासले. अपराधी माणूस असा हसतो का? हसू शकतो. लहानपणी थोरलीची रिबिन, थोरलीची रंगपेटी, थोरलीच्या वहीचे कोरे कागद, ज्याला हात लागेल ते हिचे होई, आणि विचारले की ही अशीच हसे. एकदा थोरलीच्या शाळेच्या कोटाची बटणे एका कापडी घुबडाचे डोळे झालेली सापडली होती.

चित्राच्या खालच्या कडेला एक पाकळी सुटून मेणाच्या काठावर टेकली होती. तिच्याजवळ पट्टीचे एक टोक उचकटलेले होते. पहारेकरी दुसऱ्या कुणाला तरी मागे सारत होता. पर्समध्ये चिमटा नेहमीच असे. सुटलेले आहे, म्हणजे आज ना उद्या पडणारच, असा युक्तिवाद थोरलीने स्वतःशी केला. हाच युक्तिवाद चोरही करत असतील, हे तिच्या ध्यानात आले. तोवर पाकळी आणि पट्टीचा कपटा चष्म्याच्या डबीत गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रयोगशाळेचे दार आतून लावून घेतले. आधी पट्टी. सूक्ष्मदर्शकाखाली कापडाचे धागे मोजले: सेंटिमीटरला बावीस उभे, एकोणीस आडवे. संस्थेच्या जुन्या साठ्यातली पट्टी शेजारी ठेवून मोजली: बावीस, एकोणीस. मग डिंक. आयोडिनचा थेंब टाकताच कपट्याची मागची बाजू निळीकाळी झाली, म्हणजे खळ, पिठाची खळ. संस्थेत खळ वापरत ती तिच्या आधीच्या काळात. गहाळ सहा शीट्स नेमक्या त्याच काळातल्या होत्या.

इथपर्यंत सगळे एका रेषेत येत होते, आणि थोरलीला त्याचे जे बारीकसे समाधान वाटले त्याची तिला नंतर लाज वाटली.

उरली शेवटची चाचणी. त्या काळी कपाटात जाणारी प्रत्येक शीट किडीपासून वाचवण्यासाठी पाऱ्याच्या क्षारात बुडवलेल्या ब्रशाने रंगवून काढत. हे विष पाकळीत मुरते ते कायमचे. ही पाकळी एक दिवस जरी त्या कपाटात राहिली असेल, तर तिच्यात पारा असणारच. थोरलीने पाकळीचे तीन तुकडे केले. पहिला सौम्य ॲसिडमध्ये टाकला, त्यात तांब्याचा लखलखीत पत्रा सोडला आणि नळी गरम केली. पारा असेल तर तांब्यावर चांदीसारखा मुलामा चढतो. तुलनेसाठी दुसऱ्या नळीत कपाटातल्या एका जुन्या शीटवरचा गळलेला पानाचा तुकडा.

दुसऱ्या नळीतला पत्रा पाच मिनिटांत पांढरा झाला. पहिल्यातला तांबडाच राहिला.

तिने प्रयोग पुन्हा केला, ॲसिड बदलून. पुन्हा केला, पत्रा बदलून. पाकळी संपली. तिन्ही पत्रे कुठल्याही निरपराध माणसाच्या चेहऱ्यासारखे स्वच्छ होते, आणि थोरली त्यांच्याकडे अविश्वासाने पाहत राहिली. फूल कपाटातले नव्हते. पण पट्टी संस्थेची होती, खळ त्या काळातली होती आणि हात तोच होता. जोडणी कपाटातली, आणि फूल कपाटात कधी न गेलेले! धाकटीने पारा धुऊन काढला असेल? पाकळीचा चुरा न करता ते शक्य नव्हते. जुनी पट्टी सोडवून नव्या फुलाला लावली असेल? मग खळ तुटलेली दिसली असती. सगळ्या शक्यता खोडून झाल्यावर मागे उरला तो संशय, आणि आता त्याला उभे राहायला जागा नव्हती म्हणून तो जास्तच अस्वस्थ होता.

शुक्रवारी दुपारी ती धाकटीच्या कामाच्या खोलीवर गेली. छापखान्याच्या वरची लांबट खोली. खालची यंत्रे चालू असली की फरशी तळपायांना गुदगुल्या करी. भिंतीशी काचेच्या बरण्या होत्या, बटणे रंगांप्रमाणे लावलेली. विटांखाली टीपकागद दाबलेले. धाकटी इस्त्रीच्या टेबलावर मेणकागद कातरत होती.

"ये गं. चहा टाकू?"

"नको. एक विचारायचंय."

"तू चहा नको म्हणालीस की माझ्या पोटात गोळा येतो. लहानपणापासून. विचार."

"चौथ्या चित्रातली फुलं कुठून आणलीस?"

"पाटीवर लिहिलंय की."

"पाटी वाचली. मी खरं विचारतेय."

धाकटीने कात्री खाली ठेवली. "ताई, वळसे घालू नकोस. तुला ते जमत नाहीत. सरळ बोल."

मग थोरली सरळ बोलली. सहा शीट्स, मोजणीची तारीख, सोमवारचे निवेदन, नोंदवही, चाळीस मिनिटे, किल्ल्या, धाग्यांची संख्या, खळ, पारा. अहवाल वाचावा तसे तिने सगळे क्रमाने सांगितले आणि शेवटी, निःपक्षपाताच्या सवयीने, चाचणी नकारार्थी आल्याचेही सांगितले. सगळे संपल्यावर धाकटी म्हणाली:

"थांब. तुला पाकळी कुठून मिळाली?"

"चित्रातून."

"माझ्या चित्रातून?"

"सुटलेली होती."

"आणि आता कुठेय ती?"

"ॲसिडमध्ये. नाही… म्हणजे आता नाहीच."

"म्हणजे मी तुझ्याकडे चोरी केली का हे बघायला तू माझ्याकडे चोरी केलीस."

थोरलीने विधान सर्व बाजूंनी तपासले. "हो," ती म्हणाली.

धाकटी उठली. मांडणीच्या सर्वांत खालच्या कप्प्यातून तिने एक चपटे, मोठे, कोपरे मऊ झालेले खोके ओढून काढले आणि थोरलीसमोर जवळजवळ आपटलेच.

आत हर्बेरियमच्या शीट्स होत्या, चाळीसेक. काही मधोमध कापलेल्या, फुले पट्ट्यांसकट आणि खालच्या कागदासकट कातरून घेतलेल्या. काहींवर अजून फुले होती. प्रत्येकीच्या कोपऱ्यात संस्थेची छापील चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर लाल पेन्सिलीतले उंच, मागे झुकलेले अक्षर: ‘परत. देठ मोडला.’ ‘परत. डाग.’ ‘परत. पट्टी सुटली.’ हे अक्षर थोरलीने डोळे मिटूनही ओळखले असते. ते तिच्या आधीच्या संग्रहपालांचे होते. एका कापलेल्या शीटवरच्या चिठ्ठीत खिंडीचे नाव आणि गोळा केल्याचा क्रमांक होता. गहाळ शीट्सचा क्रमांकही तोच होता: एकाच झाडाचे, एकाच दिवशी खुडलेले भाग.

"हे तुझ्याकडे कसं आलं?"

"आईकडून. ती तुमच्या संस्थेचं काम घरी करायची. दर मंगळवारी गठ्ठा यायचा, पुढच्या मंगळवारी जायचा. चारेक वर्षं चाललं. त्यातलं जे बिघडलेलं असेल ते परत यायचं. टाकून द्या म्हणायचे. आईच्यानं टाकवेना."

परत आलेले. म्हणजे कपाटात कधीच न गेलेले. म्हणजे पारा नाही. थोरलीच्या डोक्यात हे तीन निष्कर्ष एकामागोमाग एक नीट बसले. चौथ्याला मात्र जागा मिळेना.

"मी एकदाही पाहिलं नाही," ती म्हणाली.

"कसं पाहशील? तू यायच्या आदल्या दिवशी सगळं पलंगाखाली जायचं. ‘ताईला टेबल मोकळं लागतं.’ मग तेलकापड पुसून अंथरायचं. तू पुस्तक उघडलंस की आम्ही दोघी कुजबुजत बोलायचो घरात. मला तर सुट्टी संपायची घाई असायची. तुझी."

"पण मी तिथंच नोकरीला लागले, तेव्हा तरी तिनं सांगायचं."

"सांगितलं की! जेवताना. म्हणाली, तिथली फुलं मीही चिकटवलीत. तू काय म्हणालीस, आठवतंय?"

"नाही."

"‘आई, ते शास्त्रीय काम असतं. ते असं घरी वगैरे देत नाहीत. तुझा काहीतरी गोंधळ होतोय.’ आई म्हणाली, असेल बाई. आणि वाढायला उठली."

थोरलीने आठवणीचे सगळे खण उघडून पाहिले. तसे काहीच सापडले नाही. पण ‘तुझा काहीतरी गोंधळ होतोय’ हे वाक्य तिने याच आठवड्यात एकदा कारकुनाला आणि एकदा खुद्द संचालकांना ऐकवले होते. प्रसंग आठवत नव्हता. पण वाक्य तिचेच होते. त्याची ठेवण, त्यातला तो ‘काहीतरी’, सगळे तिचे.

ती बराच वेळ शीट्स उलटत राहिली. मग, बुडत्याने काठाला धरावे तसे, तिने एका तांत्रिक मुद्द्याला धरले.

"पण पट्टी तिरपी का लावायची आई? त्याला कारण आहे. देठावरचा ताण…"

धाकटीला हसू आले. आवरायचा प्रयत्न केला तरी आले.

"माझ्यामुळे. मला सरळ लावताच यायची नाही. जीभ बाहेर काढून लावायचे, तरी आपली तिरकी. आईला धास्ती, की लाल पेन्सिलवाल्यांना कळणार, घरात पोर हात लावतंय. काम जायचं. मग तीही तिरपीच लावायला लागली. मुद्दाम. दोघींची सारखी दिसावी म्हणून. आणि टोकं निमुळती का, तर चौकोनी कापलं की माझा तिरकेपणा जास्त दिसायचा. ते संग्रहपाल एकदा म्हणाले म्हणे, बाई, ही तुमची पद्धत फार छान आहे."

चार पानांची पुस्तिका थोरलीच्या डोळ्यांसमोर पानापानाने उलटली. तिसरे पान. बाणांची आकृती.

"मी मोजलंय," ती क्षीणपणे म्हणाली. "तिरपी पट्टी खरंच जास्त टिकते."

"टिकत असेल. मी कुठे नाही म्हणतेय? आम्ही तेव्हा मोजलं नव्हतं, एवढंच."

दोघी हसल्या. इथे थांबली असती, तर थोरलीचे सगळे निभावून गेले असते. पण अर्धवट राहिलेल्या गणितासमोर गप्प बसणे तिला कधी जमले नव्हते.

"तरीही," ती म्हणाली, "त्या सहा शीट्स अजून सापडलेल्या नाहीत."

धाकटीचे हसू जागच्या जागी वाळले.

"सोमवारी माझं नाव लिहिणार आहेस?"

"नोंदवहीत जे आहे ते लिहावं लागेल."

"लिही. मंगळवारी दालनवाले चित्रं उतरवतील. सोळा वर्षं लागली मला त्या भिंतीपर्यंत पोचायला. उतरवायला तास पुरेल." तिने खोक्यावर झाकण ठेवले. "जिना तुला माहितीय. मी सोडायला येत नाही."

शनिवारी संस्था बंद असते. थोरली किल्ल्या घेऊन एकटीच आत गेली आणि रिकाम्या कप्प्यासमोर स्टूल ओढून बसली. धाकटीवर आता विश्वास ठेवावा, असे तिला वाटत होते. पण वाटणे हा पुरावा नव्हे, आणि सोमवारच्या कागदावर वाटण्याला रकाना नव्हता. म्हणून तिने प्रश्न फिरवून विचारला. या खोलीत कोण आले, हे तिने बारा वेळा तपासले होते. या फुलांना शेवटचा हात कुणाचा लागला, हे एकदाही नाही. कारकून, शिकाऊ, सफाईवाली, बहीण: संशयितांची यादी तिने काटेकोरपणे केली होती, आणि त्या यादीत एक नाव नव्हते. कारण यादी करणारा स्वतःला मोजत नाही.

दुपारी तीन वाजता ते तिच्या लक्षात आले. निळ्या घंटाफुलांच्या कुळाची सहा वर्षांपूर्वी फेरमांडणी झाली होती. दूर कुठल्या तरी विद्यापीठातल्या कुणीतरी एका जातीचे दोन भाग केले होते आणि खिंडीतल्या फुलांना नवे नाव मिळाले होते. तो शोधनिबंध तिने वाचला होता, पटवून घेतला होता, आणि त्याच दिवशी सहा शीट्स नव्या नावाच्या पाकिटात घालून तीन कपाटे पलीकडे नेऊन ठेवल्या होत्या. संग्रहाच्या नोंदवहीत फेरफार ‘उद्या’ करायचा होता, तो राहून गेला. मोजणीच्या वेळी सगळ्यांनी जुन्याच नावाखाली शोधले, कारण नोंदवहीत जुनेच नाव होते. आणि नोंदवही थोरलीची असल्यामुळे तिच्यावर कुणी संशय घेतला नव्हता.

पाकीट नवव्या कपाटात होते. सहाही शीट्स जागेवर, पट्ट्या तिरप्या.

थोरली खाली बसली नाही, हुश्श केले नाही. तिने क्रमांक पडताळले, दोनदा. मग निवेदन लिहिले.

सोमवारी संचालकांनी ते वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात तुम्ही स्वतःचंच नाव लिहिलंय."

"हो."

"आणि त्यासोबत हे तीन तांब्याचे पत्रे जोडलेत. ते कशाला?"

"एका माणसाला मी विनाकारण संशयित धरलं होतं. ते तसं नव्हतं, याचा पुरावा."

"पण निवेदनात त्या माणसाचा उल्लेखच नाही."

"म्हणूनच तर."

संचालकांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले. "तुमचा काहीतरी…" असे ते म्हणू लागले होते. मग त्यांनी सही केली.

धाकटीने फोन उचलला नाही. थोरलीने पत्र पाठवले. चौथ्या दिवशी, गुरुवारी, धाकटी पत्र हातात घेऊन संस्थेच्या दारात उभी राहिली.

"यात माफी कुठेय?"

"दुसऱ्या परिच्छेदात."

"तो वाचला. तिथं ‘अनवधानाने’ असं लिहिलंय."

"तीच."

धाकटीने पत्र पुन्हा उलगडले. "आणि तिसऱ्या परिच्छेदात साक्ष हवी म्हणतेस, ती कसली?"

थोरलीने तिला आत नेले. लांब टेबलावर तीस शीट्स पालथ्या मांडल्या होत्या. त्या चार वर्षांतल्या एकूण अठराशे शीट्स कपाटांत होत्या, आणि प्रत्येकीच्या नोंदीत एक रकाना रिकामा होता: जोडणी करणाऱ्याचे, म्हणजे फुले चिकटवणाऱ्याचे, नाव. इतकी वर्षे तो रिकामा आहे, हे कुणाच्या नजरेस आले नव्हते. थोरलीच्याही नाही.

"आईचं नाव लिहायचंय," थोरली म्हणाली. "पण सगळ्याच आईच्या नाहीत, असं तू म्हणतेस. मला नुसत्या सांगण्यावरून लिहिता येणार नाही. कुठली कुणाची, ते तुला ओळखता येतं का, ते आधी बघावं लागेल."

"म्हणजे परीक्षा."

"पडताळणी."

"ताई, तुझं ना…" धाकटीने खुर्ची ओढली. "दे."

थोरली एकेक शीट सुलटी करी, चिठ्ठी पुठ्ठ्याने झाकी आणि पुढे सरकवी. धाकटी पट्ट्यांवरून, स्पर्श न करता, बोट फिरवी.

"आईची. ही पण आईची. ही माझी, बघ ना, टोक दातांनी तोडलंय. आईची. माझी. माझी. ही माझी, आणि हे खाली डाग पडलाय ना, तो जामचा."

"जामचा आहे हे तपासता येईल."

"तपास हो! चाटून बघ."

थोरली पेन्सिलीने लिहून घेत होती; न पडताळलेली नोंद ती पेन्सिलीनेच करी. बाराव्या शीटनंतर तिने आधीच्यांपैकी दोन गुपचूप मागे मिसळल्या. सतरावी पुढे आली तसे धाकटीने मान वर केली.

"ही मघाशी दिली होतीस."

"असं?"

"तिसरी. आईची म्हटलं होतं, आताही आईचीच म्हणते. लबाड कुठली! शरम नाही वाटत?"

"नियमच असतो तसा."

"तुझे नियम!" पण ती उठली नाही.

बाविसाव्या शीटवर ती थांबली. रानटी वाटाण्याची वेल होती, नऊ पट्ट्या. धाकटी वाकली, चष्मा काढला, पुन्हा घातला. शीट खिडकीकडे वळवली. थोरली पेन्सिल धरून बसली होती. एव्हाना तिच्या मनात पुढचा संशय अंकुरला होताच: ही बाई प्रत्येक वेळी इतक्या खात्रीने कशी सांगते? अडतीस वर्षांपूर्वीचे? खात्री असलेले साक्षीदार तिने आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांतला सर्वांत खात्रीचा गेल्या आठवड्यात तिच्याच खुर्चीत बसला होता.

"ही…" धाकटी म्हणाली. मग शीट हळूच खाली ठेवली. "नाही गं. नाही सांगता येत. अर्ध्या तिच्या असतील, अर्ध्या माझ्या. ती उठून दाराशी गेली असेल आणि मी मध्येच बसले असेन. मला नाही माहीत."

थोरलीने त्या ओळीत काही लिहिले नाही. मग वर जाऊन, पहिल्या एकवीस ओळींत पेन्सिलीने लिहिलेले सगळे तिने शाईने गिरवायला घेतले.

"आता शाईनं का?" धाकटीने संशयाने विचारले.

"पुढची घे," थोरली म्हणाली.